वाढतं अंग

सोपान कुणावर गेला, याबद्दल दौलतरावांच्या घरात कधी दुमत नव्हतं. नाव पणजोबांचं ठेवलं तेव्हाच अंगही त्यांचंच येणार, असं घरातले पुरुष धरून चालले होते. पणजोबा सोपानराव म्हणजे चाकणपासून खेडपर्यंतचे आखाडे गाजवलेले पैलवान. त्यांच्यानंतर घरात पैलवानकी टिकली ती बोलण्यापुरतीच. दौलतरावांचं गुडघ्यानं ऐकलं नाही, थोरल्या रविराजला कंपनीतली लेबरची कंत्राटं मिळाली, आणि धाकट्या दिग्विजयनं लाल मातीऐवजी बंगल्याच्या तळमजल्यावर जिम काढली. त्यामुळे सोपानचं अंग भरू लागलं तेव्हा दौलतरावांना राहिलेलं देणं फिटल्यासारखं वाटलं. साडेपाच वर्षांचं पोर तिसरीतल्या मुलांच्या खांद्याला लागत होतं. शाळेचा गणवेश जूनमध्ये वाढत्या अंगाचा म्हणून शिवला, तो दिवाळीत आखूड झाला. शिंपी मापं घेताना कौतुकानं मान हलवायचा आणि दौलतराव मांडीवर थाप मारून म्हणायचे, "खुराक लागतोय अंगाला!"

आनंद एकट्या विजयश्रीला, रविराजच्या बायकोला, होत नव्हता. होत नव्हता असंही नाही. पहिल्यांदा तिलाही बरं वाटलं होतं. कुठल्या आईला वाटणार नाही? पण तळेगावच्या कंपनीत तिचं काम माल तपासायचं. दिसायला चकचकीत असलेला तुकडा जरा जास्तच वेळ हातात धरायची तिला सवय लागून गेली होती.

आधी तिच्या लक्षात आला तो घामाचा वास. बादलीतला गंजिफ्रॉक तिनं रविराजचा म्हणून उचलला आणि तो वीतभर निघाला. मग सोपानच्या कपाळावर मुरमं आली. वागणंही बदललं. बोलता बोलता अंगावर धावून जाऊ लागला. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईनं आपल्या मुलीला त्याच्यासोबत खेळताना बघून हळूच हाताला धरून बाजूला नेलं, "मोठ्या मुलांत नको खेळू," म्हणाली. ती मुलगी सोपानहून वर्षानं मोठी होती. आणि एका रविवारी त्याला अंघोळ घालताना विजयश्रीला जे दिसलं, ते वयात आलेल्या मुलाच्या अंगावर दिसावं असं होतं, लहान मुलाच्या नाही. तिनं त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि उगाचच घट्ट धरून बसली.

रविराजला सांगितलं तर तो हसला. "आगं, पैलवानाचं रक्त हाय. लवकरच मिशा फुटायच्या."

"साडेपाचव्या वर्षी?"

"तुमच्या तळेगावात फुटत नसतील," असं म्हणून त्यानं फोन कानाला लावला. कंत्राटदाराच्या फोनला कधी अंत नसतो.

म्हणून ती एकटीच सोपानला घेऊन डॉक्टर जयमालांकडे गेली. जयमालाबाईंचा दवाखाना गावातच, महाळुंग्यात, दौलतरावांच्याच गाळ्यात. समोर कंपनीतल्या पोरांची रांग, कुणाचं बोट चेपलेलं, कुणाला ताप. बाईंनी सोपानला उभं करून उंची घेतली, जुन्या नोंदीशी ताडून पाहिली, पडद्याआड नेऊन तपासलं, त्याच्या हातात लिमलेटची गोळी ठेवली आणि त्याला बाहेर कंपाउंडरकडे बसवलं. मग दार लावून घेतलं.

"हे बघ विजयश्री," त्या म्हणाल्या, "मुलगा धडधाकट आहे, काळजी करू नकोस, असं सांगून तुला घरी पाठवणं मला सोपं आहे. तुझे सासरेही खूश होतील. पण मी तसं करणार नाही. मुलींमध्ये आठच्या आत आणि मुलांमध्ये नऊच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर ते लवकर आलं म्हणायचं. मुलींमध्ये पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. मुलगा असला तर मात्र शोधायचंच असतं, बहुतेक वेळा काहीतरी सापडतं."

"काहीतरी म्हणजे?"

"नेहमीची वाढ मेंदूच्या हुकमानं होते. तो हुकूम सुटला की आधी अंडकोष मोठे व्हायला लागतात. सोपानचे लहान मुलाचेच आहेत, आणि बाकीचं अंग मात्र पुढं पळतंय. म्हणजे हुकूम दुसरीकडून येतोय. मूत्रपिंडाच्या वर एक ग्रंथी असते, तिथून. नाहीतर एखाद्या गाठीतून. नाहीतर बाहेरून."

"गाठ?" विजयश्रीनं विचारलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"बाहेरून म्हणजे पोटात गेलेलं किंवा अंगाला लागलेलं काही. चूर्ण, टॉनिक, मलम, जेल. घरात असं काही आहे का, आठवून बघ. आणि पिंपरीला लहान मुलांच्या हार्मोन्सचे डॉक्टर आहेत, त्यांना चिठ्ठी देते. थांबायचं नाही. आता उंच दिसतोय, पण हाडं अशीच पिकत गेली तर त्याची उंची लवकर थांबेल. आज वर्गात सगळ्यात उंच आहे तो दहावीत सगळ्यात बुटका असेल. आणि आज तो जे बालपण जगतोय, ते परत मिळायचं नाही."

घरी तिला पहिली साथ मिळाली ती दिराची. दिग्विजयला सोपानचं वेड होतं. विजयश्री पहिल्या शिफ्टला पहाटेच निघायची, त्यामुळे सोपानची सकाळ सगळी काकाच्या हातात. त्याला उठवायचं, गच्चीवर नेऊन तेलानं रगडायचं, खांद्यावर बसवून तालमीत पोचवायचं, शाळेत सोडायचं. आबा, म्हणजे दौलतराव, आणि रविराज दोघं नाही म्हणत असताना तोच म्हणाला, "वहिनी, आबांचं मी बघतो. गाडी काढतो, तुमी बसा." पिंपरीच्या दवाखान्यात तीन खेपा झाल्या आणि तिन्ही वेळा तो आला. विजयश्री आत डॉक्टरांशी बोलत असताना तो बाहेर सोपानला उसाचा रस पाजत होता, रक्त काढलेल्या जागेवर फुंकर घालत होता.

सोनोग्राफीत गाठ निघाली नाही. त्या दिवशी विजयश्री दवाखान्यातल्या बाकावर बसून मनसोक्त रडली. पण हाताच्या एक्स-रेमध्ये हाडं आठ वर्षांच्या मुलाएवढी पुढं गेलेली होती, रक्तात पुरुषाचा हार्मोन चढलेला होता आणि बाकी ग्रंथी गप्प होत्या. तिथले डॉक्टर म्हणाले, हे बाहेरून येतंय, घरातच शोधा.

घरातच शोधा म्हटल्यावर विजयश्रीच्या डोळ्यांपुढं सासूबाईंचा चूर्णाचा डबा आला. इंदुताई तो मावळातल्या माहेरच्या वैद्याकडून आणायच्या आणि सोपानला रोज दुधातून द्यायच्या. विजयश्रीनं रविराजला तेवढंच सांगितलं. दिराला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. आईविरुद्धची गोष्ट मुलाला कशाला सांगायची, असा साधा विचार तिनं केला. बाईंनी जेलही विचारली होती, हे तिच्या लक्षात होतं, पण जेल म्हणजे केसांना लावायची, ती घरात कोण लावतं? एवढ्यावर तिनं तो विषय सोडून दिला होता.

रविवारी दुपारी दौलतराव यात्रेच्या बैठकीहून आले ते पायऱ्यांवरूनच ओरडत आले. "आगं ये, गूळ आण! रेवडीच्या कुस्त्यांतली पैली जोड आपल्या सोपानची लावली!"

भैरवनाथाच्या यात्रेत मोठ्या कुस्त्यांआधी लहान पोरांच्या जोड्या लावतात. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या आणि हरणाऱ्यालाही मूठभर रेवड्या. हौसेचा मामला, पण गावात पुढची वीस वर्षं कोण कुणाला चीत करणार याचा अंदाज माणसं तिथंच बांधतात. आखाड्याची जागा आता एका कंपनीच्या भिंतीला टेकली आहे, तरी माती अजून तीच घालतात.

"जोड कुणाशी?" रविराजनं विचारलं.

"पाटलाच्या नातवाशी. आठ वर्षांचा हाय. याच्या वयाचं पोरगं याच्याम्होरं टिकंल का?"

विजयश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बोलायचं ते जेवणं झाल्यावर, शांतपणे, असं तिनं ठरवलं होतं. ते राहिलं बाजूला.

"मामा, सोपान कुस्ती खेळणार नाही."

दौलतरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सुनेवर ते आवाज चढवत नसत. त्यांचा राग सगळा मुलाकडे वळायचा. "रविराज, काय म्हणत्यात ह्या?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," रविराज पुटपुटला.

"कोन डॉक्टर? ती आपल्या गाळ्यातली? पोराला ताप न्हाई, खोकला न्हाई. धष्टपुष्ट पोराला आजारी म्हननारा डॉक्टर मी आज ऐकतोय."

"धष्टपुष्ट आहे हाच आजार आहे, मामा," विजयश्री म्हणाली. ती दारातून आत आली. "त्याची हाडं आठ वर्षांच्या मुलाची झालीत. मन साडेपाचचंच आहे. परवा बाईंनी वर्गात त्याला मोठा म्हणून पुढं उभं केलं आणि पाठ येईना म्हणून ओरडल्या, तर रडत घरी आला. तुम्ही त्याला आठ वर्षांच्या मुलाच्या अंगावर सोडताय. त्याला राग आवरत नाही, ते अंगातल्या त्या हार्मोननं होतंय. उद्या त्या मुलाचा हात मोडला तर गाव काय म्हणेल?"

"मर्द हाय म्हनंल."

"साडेपाच वर्षांचा मर्द?"

दिग्विजय जिमच्या जिन्यानं वर आला होता आणि दारातच थबकला होता. अंगात बिनबाह्यांचा बनियन, गळ्यात टॉवेल. "आबा," तो म्हणाला, "वहिनी बोलत्यात त्ये ऐका तरी. मी सोता गेलोय दवाखान्यात. उगं काय गंमत न्हाई."

"तू गप. तुझ्या लग्नाचं पावनं यात्रंला यायचं हायत, तू तुझं बघ."

इंदुताई गुळाची वाटी घेऊन आल्या होत्या, ती त्यांनी कुणालाच न देता टेबलावर ठेवली. "मंग कशानं झालं म्हनं समदं?" त्यांनी सुनेला विचारलं. विचारण्यात धार नव्हती, आणि म्हणूनच विजयश्रीला उत्तर देणं जड गेलं.

"बाहेरून काहीतरी जातंय अंगात, असं म्हणतात. आत्या, तुमचं ते चूर्ण एकदा तपासायला द्यावं म्हणते मी."

खालून जिममधलं गाणं तेवढं ऐकू येत होतं.

"माझं चूर्न?" इंदुताई म्हणाल्या.

"आई, तपासायला काय जातंय?" रविराज म्हणाला. इतके दिवस आबांच्या बाजूनं असलेला हा माणूस एका वाक्यात बायकोच्या बाजूला आला होता, आणि आलाय म्हटल्यावर जरा जास्तच जोरात आला. "डबा आण इकडं. काय घालतो तो वैद्य, कुनाला ठावं? हजारदा म्हनलं, पोराला कायबाय देऊ नको."

"कवा म्हनलास? एकदा तरी म्हनलास का?" इंदुताईंचा आवाज फुटला. "तुमाला दोगांना त्याच चूर्नावर वाढवलं मी. ही पहाटं शिफ्टला जाती, पोराला दूध कोन देतं? मी देते. नातवाला विख घालते व्हय मी?"

"आत्या, मी असं म्हटलं नाही."

"म्हनायचं काय ऱ्हायलं?" त्या आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. झाकण उघडून त्यांनी चमचाभर चूर्ण तोंडात कोंबलं. कोरडंच. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरा चमचा भरला. "घ्या. मलाबी फुटू द्या मिशा. मंग कळंल समद्यांना."

एरवी या वाक्यावर घर हसलं असतं. विजयश्रीनं पुढं होऊन सासूचा हात धरला. त्या हातावर दुधाच्या पातेल्यानं भाजल्याचा जुना डाग होता, आणि विजयश्रीला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून शोधणं थांबवता येत नाही. माल सदोष निघत असेल तर कारण सापडेपर्यंत लाइन सुरू करत नाहीत, कुणाला कितीही वाईट वाटो.

"आत्या, पुरे. तुमच्यावर आळ घ्यायचा म्हणून नाही विचारलं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी पोटातलंही विचारलंय आणि अंगाला लागलेलंही. मलम, जेल. पुरुषाच्या हार्मोनची जेल मिळते म्हणे. मोठ्या माणसानं स्वतःच्या अंगाला चोळलेली असली आणि पोराच्या अंगाला घासली गेली, तरी पुरते. आपल्या घरात असलं कोण लावणार? म्हणून मी आधी चूर्णच धरलं."

"वाळल्यावरबी?"

आवाज दारातून आला होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. दिग्विजय दाराची चौकट धरून उभा होता.

"वाळल्यावरबी लागती का, वहिनी?" त्यानं पुन्हा विचारलं. "धा मिंटांत वाळती ती. हाताला काय ऱ्हात न्हाई."

विजयश्रीला उत्तर माहीत नव्हतं आणि आता त्याची गरजही उरली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर गच्ची आली. तिनं कधीच न पाहिलेली सकाळ. काकानं खांद्याला काहीतरी चोळलंय, त्याच तळव्यांवर तेल घेतलंय आणि सोपानला मांड्यांपासून मानेपर्यंत रगडतोय, घरातल्या मुलाला पैलवान करायचं म्हणून, मनापासून. मग खांद्यावर घेऊन तालमीकडं निघालाय. रोज.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापास्नं." तो मान खाली घालून बोलत होता. "त्या बॉडीच्या कॉम्पिटिशनच्या टायमाला विंजेक्शनं घेतली हुती. एकजन आनून द्यायचा. नंतर बंद केली, तर अंगातला माझा सोताचा हार्मोनच बंद पडला. उठावंसं वाटंना, वजन उचलंना. त्यानंच ही जेल दिली. म्हनला, लाव, बरं वाटंल. लगीन ठरवायचं चाललंय, कुनाला सांगनार? मला वाटलं, माझ्या अंगाला लावतोय, माझं मला." त्यानं आईकडं पाहिलं. "आई, तू खाऊ नको त्ये. तुझं काय न्हाई त्यात."

रविराज उठला तो खुर्ची पाडूनच. भावाचा बनियन मुठीत धरून त्यानं त्याला भिंतीवर ढकललं. दिग्विजय त्याच्या दुप्पट ताकदीचा, पण त्यानं हातही वर केला नाही. "माझ्या पोराचं वाटूळं केलंस! बाहेर हो. आत्ताच्या आत्ता घर सोड, न्हाईतर मी सोडतो!"

इंदुताई दोघांच्या मध्ये घुसल्या. ज्या मुलानं क्षणापूर्वी आपल्याकडं डबा मागितला होता त्याच्या छातीवर त्यांनी दोन्ही हात टेकले, आणि पाठीशी धाकटा होता. "घर सोडायचं नाव काडू नको, रविराज. माझं दोनच हायत."

दौलतराव मात्र जागचे हलले नव्हते. भांडणाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. "म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "ते अंग आमच्या रक्ताचं न्हवंच?"

रविराजनं मान वळवून वडिलांकडं पाहिलं.

"वरसभर मी गावात सांगत फिरलो. म्हनलं, आमचा सोपानराव परत आला." त्यांनी टोपी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. विजयश्रीला या माणसाची कीव आली. सासरा म्हणून त्यांचा धाक होता, राग होता, पण असे फसलेले तिनं त्यांना कधी पाहिले नव्हते.

"सोडा त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांना मारून सोपानचं हाड मागं येणार नाही."

"तुला राग येत न्हाई?"

"येतोय. तुम्हाला दिसतोय त्याच्याहून जास्त येतोय." ती दिराकडं न बघता बोलत होती, कारण बघितलं असतं तर काहीतरी भलतंच तोंडातून गेलं असतं. "पण आज कारण सापडलं. गाठ नाही, ग्रंथीचा आजार नाही. ते बंद झालं की हार्मोन उतरेल, असं डॉक्टर म्हणालेत. वाढ मंदावेल. बऱ्याच खुणा हळूहळू कमी होतील. हाडं जेवढी पुढं गेलीत ती तेवढीच राहतील, आणि कदाचित खरं वयात येणंही लवकर सुरू होईल, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायचं. तसं झालंच तर ते थोपवायचं औषध आहे. एवढं सगळं करता येतंय, तेव्हा घरं वेगळी करत बसायला मला वेळ नाही."

रविराजची मूठ सुटली. बनियन ताणून फाटला होता.

"आजपासून रगडणं बंद," ती पुढं म्हणाली. "तालीम बंद. त्यांचे टॉवेल, चादरी, कपडे वेगळे धुवायचे. सोपानला मी उठवीन. शिफ्ट बदलून मागते. नाही दिली तर बघू."

"मी उटवंन," इंदुताई म्हणाल्या. मग जरा थांबून, सुनेकडं न पाहता, "चूर्न देत न्हाई. नुसतं दूध देते."

"द्या आत्या."

दौलतरावांनी खिशातून फोन काढला. यात्रेच्या पंचांना लावला, आणि सवयीनं स्पीकरवर टाकला.

"हा, दौलतराव बोलतोय. ती पैली जोड काडा आमची."

"आवो, आत्ताच तर लावली. काय झालं? पाटलाला भ्यालं व्हय पोरगं?" पलीकडचा माणूस हसत होता.

दौलतरावांनी फोन तोंडाजवळ धरला. या गावात असं वाक्य त्यांनी आजवर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. विजयश्रीला वाटलं, आता हे सगळं मोडणार.

"पोर ल्हान हाय आमचं," ते म्हणाले. "साडेपाच वर्सांचं हाय." आणि त्यांनी फोन बंद केला.

वर्षभरात त्या घरात कुणी सोपानला लहान म्हटलं नव्हतं. विजयश्रीला रडू आलं. ते तिनं लपवलं नाही.

तेवढ्यात सोपान सायकल अंगणात टाकून धावत वर आला. घामेजलेला, गुडघ्याला माती. खोलीतलं काही त्याच्या ध्यानात आलं नाही. सरळ काकाकडं गेला आणि दोन्ही हात वर केले. "काका, घे. तालमीत जाऊ."

दिग्विजयनं सवयीनं हात पुढं केले आणि त्याच क्षणी विजयश्रीनं सोपानला दंडाला धरून मागं ओढलं. इतक्या जोरात की पोर कळवळलं. घरं वेगळी करायची नाहीत, असं सांगणारी तीच होती. दिग्विजयनं हात पाठीमागं नेले आणि भिंतीला टेकला.

"बरोबर हाय, वहिनी," तो म्हणाला. "असंच वडत जावा."

तो जिन्यावरून खाली गेला. थोड्या वेळानं जिममधलं गाणं बंद झालं. रविराज गच्चीवर निघून गेला, दौलतराव आणि इंदुताई समोरासमोर बसून राहिले, गुळाची वाटी मध्ये तशीच. विजयश्रीनं सोपानला मोरीत नेऊन डोक्यावरून पाणी घातलं. साबण लावून त्याच्या पाठीला, मानेला, कानांच्या मागं चोळत राहिली.

"आई, दुखतंय."

तिचे हात सैल झाले.

"काकानं का न्हाई घेतलं मला? मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस रे. काकाच्या अंगाला एक औषध लावलेलं असतं. ते तुला लागायला नको."

सोपाननं डोळ्यांतला साबण मनगटानं पुसला आणि विचार केला. लहान मुलं करतात तसा, तोंड उघडं ठेवून.

"औषध? काकाला काय झालंय?"

विजयश्री तांब्या हातात घेऊन तशीच बसून राहिली. दुपारभर घरात एवढी माणसं एवढं बोलली होती. त्यानं काय केलं, कधीपासून केलं, का लपवलं, सगळं विचारून झालं होतं. उठावंसं वाटत नाही, असं तो सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, आणि ते कुणाच्याही कानात शिरलं नव्हतं. तिच्याही नाही.

तिनं पोराला कोरडं केलं, स्वच्छ कपडे घातले, आजीच्या मांडीवर नेऊन बसवलं आणि जिना उतरली. दिग्विजय जिममध्ये बाकड्यावर एकटाच बसला होता. समोरच्या भिंतीवर त्याचाच बक्षीस घेतानाचा मोठा फ्लेक्स होता आणि त्यानं त्याच्याकडं पाठ केली होती. जवळ जावंसं तिला अजूनही वाटत नव्हतं. ती दारातच थांबली.

"भाऊजी, उद्या जयमालाबाईंकडं जायचंय. तुम्हीपण चला."

"येतो. ती ट्यूब घिऊन येतो, त्यास्नी दाखवाया. सोपानसाठी लागंल ते सांगा."

"सोपानचं मी बघते," ती म्हणाली. "तुमचा नंबर वेगळा लावणार आहे."

त्यानं मान वर केली. "माझा? मला काय झालंय?"

"तेच विचारायचंय त्यांना," ती म्हणाली, आणि आत येऊन समोरच्या बाकड्यावर बसली.